रस्ता राखा, डिझेल राखा : विदर्भातल्या गावरस्त्यांच्या कमी धुराच्या देखभालीचे पहिले धडे

नव्याने निवडून आलेल्या सरपंचाला गाव पहिल्याच आठवड्यात विचारते, आपल्या रस्त्याचे डांबरीकरण कधी? नुकत्याच रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्याचीही यातून सुटका नसते. पण डांबरीकरण म्हणजे काय काय, ते एकदा मोजून पाहा. ३.७५ मीटर रुंदीच्या गावरस्त्यावर नुसते २० मिलिमीटरचे कार्पेट (डांबर-गिट्टीचा थर) आणि वर सील कोट (फटी बुजवणारा पातळ डांबरी थर) टाकायचा म्हटले, तरी किलोमीटरला साधारण ९ ते १० टन डांबर आणि ४५ ब्रासच्या आसपास गिट्टी लागते. ती गिट्टी खाणीत फोडायची, टिप्परने प्लांटवर न्यायची, भट्टीत तापवायची, पुन्हा टिप्परने गावात आणायची. हे सगळे दर पाच वर्षांनी करण्याऐवजी आठ वर्षांनी करावे लागले, तर जेवढा धूर वाचतो तेवढा कुठल्याही नव्या तंत्राने वाचत नाही. म्हणून इथे सुरुवात फावड्यापासून केली आहे. राख, प्लॅस्टिक, इमल्शन ही मंडळी मागून येतील.

कार्बनचा हिशोब म्हटला की लोक बिचकतात. गावपातळीवर तो तीनच वस्तूंचा असतो : किती डिझेल जाळले, किती सिमेंट ओतले, किती डांबर आणि गिट्टी तापवली. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. साध्या ओपीसी सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे ४० ते ४५ किलो. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, त्याहून वरच्या दर्जाचे बहुतेक रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याला काम संपल्यापासून पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच धरलेली असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि वर्षवार देखभालीची रक्कम लिहिलेली असते. फलकाचा फोटो काढून ठेवा. फलक बऱ्याचदा बैलगाडीच्या धक्क्याने पडतो किंवा कुणाच्या गोठ्याचे छप्पर होतो.

पाच वर्षे चालू असतील तर गावाचा पैसा त्यावर घालू नका. खड्डा कुठल्या किलोमीटरला, कुठल्या मोरीजवळ, हे लिहून फोटोसह उपविभागात अर्ज द्या, ‘मेरी सडक’ ॲपवरही टाका. हौसेने ग्रामपंचायतीने त्यावर चार ट्रॉल्या मुरूम ओतला, तर कंत्राटदाराला आयतेच निमित्त मिळते आणि तेच काम दोनदा होते. दोनदा काम म्हणजे दुप्पट डिझेल.

मग रस्ता पायी चाला. मोटारसायकलवरून खड्डे दिसतात, पण ते का पडले हे दिसत नाही. एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसात, छत्री घेऊन. पावसातली फेरी चुकवू नका, कारण पाणी कुठे थांबते हे तेव्हाच कळते.

पाण्याला वाट द्या

देखभालीचा निम्म्याहून जास्त भाग हाच आहे आणि यात डांबराचा थेंबही लागत नाही. रोजगार हमीवरचा एक जुना मेट (मुकादम) म्हणायचा, “पाणी थांबलं का रस्ता गेला, भाऊ. मंग वरून डांबर टाका नाही तं सोनं टाका.”

पश्चिम विदर्भात, विशेषतः अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या पट्ट्यात, रस्त्याखाली खोल काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढी फाटते. कोरडी असताना भरलेला ट्रक तोलणारी ही माती भिजली की लोण्यासारखी होते. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत माती निराळी आहे, पण पाऊस जास्त, आणि धानाच्या बांध्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने भरलेल्या असतात. दोन्हीकडे उपाय एकच. पाणी रस्त्यावरून लगेच उतरले पाहिजे, आणि कडेला आल्यावर लगेच पुढे गेले पाहिजे.

*रस्त्याची पाठ तपासा.* रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. पातळ डांबरी थराच्या गावरस्त्याला हा उतार ३ ते ३.५ टक्के, मुरूम-गिट्टीच्या रस्त्याला ३.५ ते ४ आणि कच्च्या मातीच्या रस्त्याला ४ ते ५ टक्के धरतात. टक्केवारीत अडकू नका. गवंड्याची पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या घ्या. ३.७५ मीटरच्या डांबरी रस्त्यावर मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच-सहा सेंटिमीटरचा फरक आला तर पाठ ठीक आहे. तीन सेंटिमीटरच आला तर तिथे पाणी थांबणार, आणि पावसातल्या फेरीत नेमके तिथेच डबके दिसेल.

*साइडपट्टी खरवडा.* विदर्भातल्या गावरस्त्यांवर मला सर्वाधिक दिसणारा दोष हा आहे : साइडपट्टी डांबराच्या कडेपेक्षा उंच झालेली. बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि वाढलेले गवत माती धरून ठेवतात, बांध तयार होतो, पाणी डांबराच्या कडेला अडकते आणि कडा कुरतडल्या जातात. फावड्याने, नाहीतर ट्रॅक्टरच्या मागच्या लेव्हलरने तो बांध खरवडायचा. साइडपट्टीचा उतार डांबरापेक्षा थोडा जास्तच ठेवायचा. उलट दोषही असतो. साइडपट्टी खचून डांबराची कड पायरीसारखी उघडी पडते. तिथे मुरूम भरून, पाणी मारून दबाई करायची. शेजारच्या शेतातली काळी माती कधीही भरू नका, जवळ असली तरीही. पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि चाकाबरोबर डांबरावर येतो.

*नाली मोकळी करा आणि गाळ लांब टाका.* उपसलेला गाळ साइडपट्टीवरच टाकण्याची पद्धत सगळीकडे आहे. पाऊस तो परत नालीत नेतो. शेतकऱ्याला विचारा, बहुतेक वेळा तो आनंदाने शेतात टाकून घेतो.

*मोऱ्या मृगाआधी उपसा.* ७ जूनच्या आसपास मृग लागते, त्याच्या पंधरवडाभर आधी प्रत्येक मोरीच्या दोन्ही तोंडांशी माणूस गेला पाहिजे. सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या, गाजरगवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळून असा बोळा होतो की ६०० मिलिमीटरचा पाईपही एका पावसात बंद. मग पाणी रस्त्यावरून चढून जाते आणि पलीकडचा भराव कापून नेते. एवढे झाले की पुढच्या अंदाजपत्रकात नवी मोरी, नवा भराव आणि त्यावर नवे डांबर येते. त्यातल्या प्रत्येक पोत्याचा आणि प्रत्येक टिप्परचा उगम त्या बोळ्यात असतो. रपट्यांचेही तेच. रपट्याच्या खालच्या बाजूचे दगड वाहून गेले असतील तर दिवाळीनंतर पाणी आटताच परत रचून घ्या, पुढच्या वर्षी रपटाच उरणार नाही अशी वेळ येऊ देऊ नका.

*शेतात जायची वाट.* हा विषय तांत्रिक नाही, नात्यागोत्याचा आहे, म्हणून अवघड आहे. ट्रॅक्टर शेतात उतरवायला शेतकरी नालीत माती टाकून वाट करतो. त्याचा दोष नाही, त्याला वाट हवीच. पण एका वाटेमुळे वरची दोनशे मीटर नाली तुंबते. भांडण न करता मधला मार्ग : वाटेखाली सिमेंटचा पाईप टाकायचा, पाईप ग्रामपंचायतीने द्यायचा, बसवून शेतकऱ्याने घ्यायचा. ठराव करून सगळ्यांना एकच नियम लावा, नाहीतर सरपंचाच्या भावाच्या शेतापुढची वाट तशीच राहिली अशी चर्चा पारावर सुरू होते आणि काम बंद पडते.

या सगळ्या कामाला माणसे लावा. जेसीबी तासाला चार-पाच लिटर डिझेल पितो, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला शंभर किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. शिवाय तो नाली हवी त्यापेक्षा खोल खणतो आणि साइडपट्टीचा पाया सैल करतो. दगडमाती भरून पूर्ण बुजलेली नाली नव्याने काढायची असेल तेव्हा त्याला बोलवा, वर्षाच्या सफाईला नको.

गवत कापा, जाळू नका. जाळलेल्या गवताने कडेची झाडेही होरपळतात. काळ्या मातीत भरावाला लागून वाढलेली बाभूळ उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढते आणि डांबराला कडेने लांब भेग पडते, हे खरे. पण म्हणून जुनी झाडे तोडायची नाहीत. नवी लावताना नालीच्या पलीकडे लावायची, आणि भेग पडलीच तर पावसाआधी इमल्शन आणि बारीक भुकटीने बुजवायची.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. अभिमानाची गोष्ट आहे. मोऱ्या उपसण्याचा विक्रम मात्र कोणी नोंदवत नाही.

वजन आणि केजव्हील

अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही सगळीकडे वापरतात : आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार २० टक्के जास्त तर हानी दुप्पट, दीडपट भार तर पाचपट. गावरस्ता हजार मोटारसायकलींनी झिजत नाही तेवढा वैनगंगेच्या किंवा कन्हानच्या घाटावरून रेती भरून येणाऱ्या थोड्या टिप्परांनी फुटतो.

ग्रामपंचायत काय करू शकते? रस्त्यावर स्वतःच लोखंडी कमान उभी करू नका, रुग्णवाहिका आणि एसटी अडकते आणि परवानगीचाही प्रश्न येतो. ग्रामसभेचा ठराव, टिप्परचे नंबर आणि वेळा लिहिलेले पत्र तहसीलदार, परिवहन कार्यालय आणि रस्ता ज्याचा त्या विभागाला. वीटभट्टी किंवा गिट्टी खदान गावात असेल तर पावसाळ्याचे महिने जड वाहतूक बंद ठेवण्याची अट नाहरकत देतानाच घाला. नंतर घालता येत नाही.

धानपट्ट्यात आणखी एक गोष्ट. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर केजव्हील, म्हणजे चिखलात चालायची पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके, लावूनच डांबरावरून एका बांधीतून दुसरीकडे जातो. जवळून पाहिले तर डांबरावर हातभर अंतराने तिरप्या खाचा दिसतात, खाली सील कोट उडून गिट्टी उघडी पडलेली असते. पावसाळ्यातल्या अशा खाचांत पाणी शिरले की नव्या कार्पेटचे आयुष्य तिथेच संपले. लागवडीआधी गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांची एक बैठक घ्या. केजव्हील ट्रॉलीत टाकून न्यायची, शेताच्या तोंडाशी लावायची, इतकेच. दवंडीपेक्षा बैठक बरी, कारण मग एकमेकांना तेच टोकतात.

खड्डा छोटा असतानाच बुजवा

हाताच्या पंजाएवढा खड्डा एका पावसाळ्यात घमेल्याएवढा होतो आणि दुसऱ्यात रस्त्याची रुंदी खातो. बुजवण्याच्या रूढ पद्धती दोन, दोन्ही वाईट. एक म्हणजे पावसात डांबरी खड्ड्यात मुरूम ओतणे. तो दोन पावसांत निघून जातो आणि जाताना नाली भरतो. दुसरी म्हणजे ड्रमखाली लाकडे पेटवून डांबर तापवणे. आमच्या भागात एका कंत्राटदाराच्या माणसांनी रस्त्याकडेच्याच बाभळी तोडून ड्रमखाली लावल्या होत्या. तापमापी नव्हता, ड्रममधून निळसर धूर निघत होता आणि डांबर पार जळालेले होते. जळालेले डांबर ठिसूळ होते, त्याची थिगळे पोळ्यापर्यंतही टिकत नाहीत. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीच्या बाजूला तर भर उन्हाळ्यात जंगलाकडेला असा जाळ करणे म्हणजे वणव्याला आमंत्रण.

यावर चांगला पर्याय थंड मिश्रणाचा, म्हणजे कोल्ड मिक्सचा आहे. डांबराचे बारीक कण पाण्यात मिसळून केलेले इमल्शन वापरायचे, तापवायचे काहीच नाही. भारतीय रस्ते महासभेची (इंडियन रोड्स काँग्रेस) यासाठी २०१४ पासून स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, त्यामुळे अंदाजपत्रकात धरायला तांत्रिक अडचण नाही. गरम मिश्रणाच्या प्लांटला टनामागे साधारण सहा-सात लिटर इंधन फक्त गिट्टी वाळवायला आणि तापवायला लागते, ते इथे पूर्ण वाचते. प्लांटपासून दोन-तीन तासांवरच्या गावांत गरम माल पोचेपर्यंत थंड होतो आणि नीट दबत नाही, तिथे तर हाच शहाणपणाचा मार्ग. त्याची एक बाजू सांगून ठेवतो. इमल्शनमध्ये तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी असते, म्हणजे लांबून ड्रम मागवताना तुम्ही पाण्याचेही भाडे भरता. म्हणून चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एकदाच मागवा.

काम असे करायचे :

१. ड्रम उघडण्याआधी आडवा करून पुढे-मागे लोळवा. उभ्या ड्रममध्ये डांबर तळाशी बसते. तीन महिन्यांपेक्षा जुना माल घेऊ नका.

२. खड्ड्याभोवती चौकोन आखा आणि छिन्नी-पहारीने कडा सरळ उभ्या कापा. गोल, बशीसारखा खड्डा भरला तर कडेचा पातळ थर आधी उडतो. सैल झालेले सगळे बाहेर काढा, टणक तळ लागेपर्यंत.

३. ब्रशने आणि हवेने धूळ काढा. विदर्भाच्या उन्हाळ्यात थिगळ न चिकटण्याचे सर्वांत मोठे कारण ही धूळच असते.

४. खड्डा खोल असेल आणि खालची गिट्टीही हलली असेल, तर आधी गिट्टी-मुरूम भरून पाणी मारून दबाई करा. डांबरी मिश्रण फक्त वरच्या थराला. खोल खड्डा पूर्ण डांबराने भरणे ही उधळपट्टी आहे.

५. तळाला आणि कडांना आरएस-१ या लवकर फुटणाऱ्या, म्हणजे ज्यातले पाणी लवकर वेगळे होते अशा, इमल्शनचा हात फिरवा, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. तळे साचेल इतके नको.

६. मिश्रणासाठी वेगळे, सावकाश फुटणारे इमल्शन लागते, आरएस चालत नाही. गिट्टी किंचित ओलसर करून घ्या, मग इमल्शन घालून लोखंडी पत्र्यावर किंवा लहान मिक्सरमध्ये फिरवा. प्रमाण पुरवठादाराच्या मिक्स डिझाइनप्रमाणे, पण आधी घमेलेभर नमुना करून पाहाच.

७. मिश्रण टाकल्यावर रंगाकडे पाहा. इमल्शन आधी तपकिरी, चॉकलेटी दिसते. पाणी वेगळे होऊ लागले की काळे पडते. काळे पडू लागल्यावर दबाई. तपकिरी असताना दाबले तर चाकाला चिकटून वर येते. मे महिन्याच्या दुपारी हे फार लवकर होते, डिसेंबरच्या सकाळी बराच वेळ लागतो.

८. थर ७-८ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर दोनदा भरा. वरचा पृष्ठभाग रस्त्यापेक्षा जरासा उंच ठेवा, हातठोक्याने किंवा लहान रोलरने कडांपासून मध्याकडे दाबा, वर भुकटी टाका. तास-दोन तास वाहने थांबवा किंवा हळू सोडा.

आभाळ भरून आले असेल तर ड्रम उघडू नका, ताजे इमल्शन पावसात धुऊन जाते. पावसाळ्यात तातडीने बुजवायचेच असेल तर तयार मिश्रणाची पोती मिळतात, महाग असली तरी शाळेच्या वळणावरच्या एखाद्या खड्ड्यासाठी ठीक आहेत. आणि एकाच जागी दरवर्षी खड्डे पडत असतील तर थिगळ थांबवा, नाली पाहा.

माल जवळचा घ्या

एक हिशोब मांडतो. एक किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही साइडपट्ट्या, प्रत्येकी एक मीटर रुंद, १५ सेंटिमीटर मुरमाने भरायच्या. दाबलेला मुरूम ३०० घनमीटर, सैल धरला तर ३९० च्या आसपास, म्हणजे १३८ ब्रास. दहाचाकी टिप्परात साडेतीन ब्रास धरला तर ४० खेपा. खदान पाच किलोमीटरऐवजी चाळीसवर असेल तर प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन ७० किलोमीटर जास्त, लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर २० लिटर. चाळीस खेपांचे ८०० लिटर डिझेल आणि दोन टनांवर कार्बन डायऑक्साइड, तेही फक्त अंतराचे. अंदाजपत्रकात हे ‘लीड’ नावाने आधीच मोजलेले असते. फक्त तो स्तंभ पैशांच्या नजरेने वाचला जातो.

म्हणून जवळचा मुरूम शोधा. शेततळे, नाला खोलीकरण, गावतलावाचा गाळ उपसल्यावर खाली लागणारा मुरूम, हे सगळे बघा. तलाव खोल करून निघालेला माल महामार्गाच्या भरावाला वापरायचा आणि त्या बदल्यात पाणीसाठा वाढवायचा, ही पद्धत ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशभर सांगितली गेली. गावरस्त्याला आणि पांदणीला ती तितकीच लागू पडते. मात्र मुरूम गौण खनिज आहे, तहसील कार्यालयाची परवानगी आधी घ्या, आणि माल वापरण्याजोगा आहे की नाही हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या. नुसता लाल दिसतो म्हणून मुरूम चांगला ठरत नाही. मूठभर भिजवून गोळा करा. मऊसूत गोळा झाला आणि हाताला चिकटला तर त्यात माती जास्त आहे.

विदर्भाला कोळशाच्या वीजकेंद्रांतल्या राखेचा मोठा साठा लाभला आहे, कोणाला हवा होता असे नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, मौदा, तिरोडा या केंद्रांच्या आसपासच्या तालुक्यांत भराव उंच करायचा असेल तर मातीऐवजी राख वापरता येते. वीजकेंद्रांनी राख वापरात आणण्याची सक्ती ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे, तेव्हा मागणीचे पत्र तुमच्या विभागामार्फत नक्की पाठवा. अटी पाळा : टिप्परवर ताडपत्री, पसरताना पाणी, वर आणि बाजूंना मातीचे जाड आवरण, विहीर-हातपंपाजवळ अजिबात नाही. केंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर वरचाच हिशोब पुन्हा मांडा, मग जवळची माती बरी निघते.

काळ्या मातीला ३ ते ६ टक्के चुना मिसळून तिचा फुगीरपणा कमी करणे हा जुना, खात्रीचा उपाय. चुन्यालाही भट्टी लागते, पण दोन-अडीच फूट माती काढून टाकून लांबून मुरूम भरण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी तो हलका पडतो. हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नका.

गावातला सिमेंट रस्ता

गल्लीत सांडपाणी वाहते, तिथे डांबर टिकत नाही, सिमेंट काँक्रीटच हवे. पण गावाबाहेरच्या कोरड्या रस्त्यालाही ‘सिमेंटच करा’ असा आग्रह अलीकडे दिसतो, त्याआधी हा आकडा पाहा. ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, १०० मीटर लांब रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरले तर ३१५ पोती, आणि ओपीसी असेल तर तेरा-चौदा टन कार्बन डायऑक्साइड. राखमिश्रित पीपीसी वापरले तर यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो, मजबुतीत तडजोड न करता.

अट एकच आणि तीच मोडली जाते : पाणी. पीपीसी सावकाश पक्के होते. किमान चौदा दिवस, त्याहून जास्त जमले तर उत्तम, आळी बांधून पाणी साठवा किंवा ओली पोती अंथरा. एप्रिल-मेमध्ये टँकर लागणाऱ्या गावात हे काम काढू नका, दिवाळीनंतर काढा. सांधे दुसऱ्या दिवशीच कापून घ्या. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच्या मनाने फाटते, आणि मग दहा वर्षांत तोडून परत ओतावे लागते. तेरा टनांचे सव्वीस होतात.

कार्पेट बदलायची वेळ आलीच तर

जुने डांबर आणि गिट्टी फेकू नका. उखडलेला माल साइडपट्टीला, पांदणीला, मोरीच्या भरावाला चालतो. रस्ता पुरता गेला असेल तर जुना थर जागीच दळून, त्यात सिमेंट मिसळून नवा पाया करण्याचे तंत्र ग्रामसडक योजनेत आता वापरले जाते. नव्या गिट्टीची वाहतूक त्यात मोठ्या प्रमाणात वाचते. त्याची यंत्रे मोठी असतात, दोन-चार किलोमीटरसाठी येत नाहीत, त्यामुळे तालुक्यातले रस्ते एकत्र करूनच मागणी करावी लागते.

प्लॅस्टिकचा रस्ता सगळ्यांना आवडतो. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेली ही पद्धत. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के बारीक कापलेले प्लॅस्टिक तापलेल्या गिट्टीवर आधी टाकायचे, मग डांबर. आपल्या कार्पेटच्या हिशोबात किलोमीटरला सहा-सातशे किलो. फायदा आहे, पण गावाने स्वतःहून ड्रममध्ये पिशव्या टाकून करायचा हा प्रयोग नव्हे. प्लांटवर, तापमान मोजूनच. पीव्हीसीचे पाईप, चपला, वायरचे तुकडे चुकूनही नकोत, त्यातून विषारी वायू निघतो. गावाचे काम एवढेच की कचरा वेगळा करून तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्रात द्यायचा. गरम मिश्रणच घ्यायचे असेल तर वॉर्म मिक्सची चौकशी करा, त्यात तापमान साधारण तीस अंशांनी कमी ठेवता येते.

वही

रस्त्याला एक दोनशेपानी वही. तारीख, कुठल्या किलोमीटरला, काय काम, मजूर किती, टिप्परच्या खेपा आणि अंतर, जेसीबीचे तास, सिमेंटची पोती कोणती, इमल्शनचे ड्रम. वर्षाअखेरीस डिझेलचे लिटर २.७ ने आणि पोती ४५ ने गुणा, पीपीसी असेल तर ३२ धरा. आकडा अगदी अचूक नसेल, पण पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायला पुरेसा आहे. एखाद्या वर्षी डिझेल एकदम वाढलेले दिसले तर त्या महिन्याची पाने उघडा, बहुतेक वेळा एखादी न उपसलेली मोरी सापडते.

आणि देखभालीची ओळ ग्रामपंचायत विकास आराखड्यात स्वतंत्र लिहून घ्या : नाली व मोरी सफाई, साइडपट्टी, थंड मिश्रणाने खड्डे, पाईप. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. पावसातल्या फेरीची वही तेव्हा हातात ठेवा, कारण ज्याची ओळ आराखड्यात नाही त्याचे फावडे एप्रिलमध्ये निघत नाही.